गंजीचं बूड

ओसरीवर घोंगडी अंथरली होती आणि तिच्यावर आठ वस्तू मांडल्या होत्या. जुवाचा मोडका तुकडा एक. जुवात बसवायच्या शिवळा, म्हणजे खुंट्या, दोन, त्यांतली एक चिरलेली. चाकाची लोखंडी धाव एक, वाकून लांबट झालेली. घुंगरमाळ एक, तिला तेरा घुंगरं उरली होती. वहाण एक, डाव्या पायाची. आणि कासरा, तुटलेला. कासरा एक वस्तू धरायचा की दोन, यावर राधाकृष्ण जरा अडला होता. शेवटी तुटक्या टोकांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवून त्यानं दोन धरल्या.

आप्पासाहेब खांबाला पाठ लावून बसले होते. पुतण्याची ही मोजदाद त्यांनी सकाळपासून पाहिली होती. घोंगडीवर जे होतं त्याची त्यांना भीती वाटत नव्हती. जे नव्हतं, त्याची वाटत होती.

नगरहून शामकांत वकील सकाळच्या गाडीनं आले होते. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली, चष्मा पुसला आणि एकेक वस्तू वाकून पाहिली. हात मात्र कशालाच लावला नाही.

"त्याच गाडीनं आलासा?" दाराच्या आडून मुक्ताबाईनं विचारलं. गोरक्षची आणि राधाकृष्णची आई ती. थोरला, गोरक्ष, गेल्यापासून तिनं स्टेशनाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"दुसरी वाट फार लांबची पडते, बाई," वकील म्हणाले. "रेल्वेशी भांडायचं तरी रेल्वेनंच यावं लागतं."

वकिलांनी चष्मा नाकावर चढवला.

"आता मी सांगतो ते नीट ऐका. वैशाखात रुळांवर बैलगाडीचा अपघात झाला, आज मार्गशीर्ष लागलाय. एका वर्षाच्या आत दावा लागला पाहिजे, त्याच्या दोन महिने आधी नोटीस गेली पाहिजे. तुमच्या अर्जाला रेल्वेचं उत्तर काय आलं, ठाऊक आहे ना?"

"गाडीवान झोपला होता," राधाकृष्ण म्हणाला. "एवढंच."

आत माजघरात एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. बनुबाई तिथं होती. गोरक्षची बायको. नवरा गेल्यापासून गावात पाणी भरायला गेली की तिच्या कानावर हेच येई. झोपेत मेला बिचारा. बैलांना कळलं, त्याला कळलं न्हाई. कुणी वाईट मनानं म्हणत नव्हतं, म्हणून तिला उलट बोलताही येत नव्हतं. दावा करायचा हे घरात पहिल्यांदा तीच बोलली होती. ‘ते झोपले न्हवते, एवढं सरकारी कागदावर लिवून आना,’ इतकंच तिचं मागणं होतं.

"मग आपन लिवायचं की रेल्वेनं हयगय केली," आप्पासाहेब म्हणाले. आवाज आपल्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला असं त्यांना वाटलं. "मोठी हयगय केली. बास झालं की वकीलसाहेब."

"बास होत नाही, आप्पासाहेब. तिथंच सगळी ग्यानबाची मेख आहे." वकिलांनी बोट वर केलं. "हयगय केली म्हटलं की कोर्ट विचारणार, कोणती? काय करायला हवं होतं आणि केलं नाही? कुणी? कुठं? ते एकेक करून लिहावं लागतं. आणि लिहिलं की त्याला आपण बांधले जातो. आज इंजिनानं शिट्टी दिली नाही म्हणालो आणि उद्या साक्षीत पाटी नव्हती असं निघालं, तर त्यांचा वकील जागेवरून न उठता मला आडवा करील."

"म्हणजे नेमकं सांगायचं," राधाकृष्ण पुढं सरकला. पुण्याला बी.एस्सी. होऊन त्याला सहा महिने झाले होते आणि नेमकं हा शब्द त्याच्या तोंडी जेवणातल्या मिठासारखा येई.

"नेमकं. जे सिद्ध करता येईल तेवढंच."

आप्पासाहेबांनी तळहात धोतराला पुसले. मागच्या वैशाखात रूळ ओलांडणाऱ्या त्या गाडीवाटेवर काय होतं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कडब्याची गंजी होती. त्यांनीच रचलेली. रुळांलगतची ती पट्टी मुरमाची, उंच. तिथं पाणी साचत नाही, वाळवी चढत नाही. खालची काळी रानं मळणीनंतर नांगरायला मोकळी करायची म्हणून आसपासचे सगळेच तिथं गंज्या लावत. रेल्वेच्या मुकादमाला, छगनला, दहा पेंढ्या दिल्या की तो रूळ ठोकत दुसरीकडं बघत पुढं जाई. असं कितीतरी वर्षं चाललं होतं आणि कधी काही झालं नव्हतं. गोरक्षचा दहावा व्हायच्या आत त्यांनी दोन माणसं लावून ती गंजी मोडली आणि कडबा गोठ्यामागं आणून टाकला. घरात कुणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे कळलं नाही, असं त्यांनी स्वतःला सात महिने सांगितलं होतं.

"शिट्टीपासून धरू," वकील म्हणाले. "मालगाडी होती, वेळापत्रकाबाहेरची. इंजिनानं शिट्टी दिली नाही, असं लिहू का?"

"लिवा," आप्पासाहेब लगेच म्हणाले.

"म्या ऐकली," मुक्ताबाई दारातून म्हणाली.

सगळे तिकडं वळले.

"म्या जात्यावर हुते. लांबून वाजली. वारा तिकडनंच हुता, म्हनून ऐकू आली. वाटंवर गाडी हाकताना चाकांच्या खडखडाटात त्याला आली का न्हाई, ते मला ठावं न्हाई. पर वाजली."

"वयनी, तुमी हे कोर्टात बोललासा तर..." आप्पासाहेब म्हणाले.

"मग काय करू भावजी? लेकाच्या नावानं खोटं बोलू?"

वकिलांनी टाकानं एक रेघ मारली. "शिट्टी गेली. पाटी? सावध राहा अशी पाटी असावी लागते."

"पाटी पडलेली होती," राधाकृष्ण म्हणाला. "मी सुट्टीत आलो तेव्हाच पडलेली होती."

"छान. पण गोरक्ष त्याच वाटेनं लहानपणापासून ये-जा करत होता ना? तिथं रूळ आहेत हे त्याला पाटी वाचून कळणार होतं का? न्यायाधीश मला हेच विचारतील, आणि हसून विचारतील." दुसरी रेघ. "वेग? गाडी फार जोरात होती?"

"ते कुनी मोजलं?" मुक्ताबाई म्हणाली.

तिसरी रेघ. टाकाची प्रत्येक कुरकुर आप्पासाहेबांना मानेमागं ऐकू येत होती. वकील अशाच रेघा मारत गेले आणि काही उरलं नाही तर बरं होईल, असं एका क्षणी त्यांच्या मनात आलं. आणि लगेच आतल्या भांड्याच्या आवाजाची आठवण होऊन त्यांना स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात लांबून शिट्टी झाली. दुपारची गाडी. ओसरीवरचं बोलणं आपोआप थांबलं. गाडी गावाबाहेरून धडधडत गेली, घोंगडीवरची घुंगरमाळ बारीक वाजली, मग तीही थांबली. गेल्या सात महिन्यांत या घरात गाडी जाईपर्यंत कुणी बोललं नव्हतं. तो नियम कुणी केला नव्हता.

"एक गोष्ट आहे," गाडीचा आवाज विरल्यावर राधाकृष्ण म्हणाला. त्यानं कासऱ्याकडं बोट दाखवलं. "हा ओढून तुटलाय. धडकेनं तुटला असता तर बैलांच्या बाजूला तुटला असता. हा हातापासून हातभर अंतरावर तुटलाय, आणि पीळ उलगडलाय. म्हणजे दादानं तो मुठीला गुंडाळून मागं खेचला होता."

"हे तू ठरवलंस. पुरावा?" वकील म्हणाले.

"हातावर वळ हुते." मुक्ताबाई आता उंबऱ्याच्या अलीकडं आली होती. "उजव्या. दोन येढं. न्हेन्याआधी त्याचे हात म्याच धुतले."

माजघराचं दार हललं. बनुबाई पदर पुढं ओढून सासूच्या मागं येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते आप्पासाहेबांना दिसलं नाही, पण पदर तिनं दोन्ही हातांनी धरलेला दिसला.

"म्हंजी जागे हुते," ती म्हणाली.

"जागा होता, पोरी," वकील म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "आणि बैल आवरत होता. पण मग मला कोर्टात दुसरा प्रश्न येणार. जागा होता, तर गाडी त्याला इतक्या उशिरा का दिसली? रूळ वळणावर आहेत का?"

"अजिबात नाही," राधाकृष्ण म्हणाला. "सरळ आहेत. काल मी त्या वाटेवर उभा राहिलो होतो. पार सिग्नलपर्यंत दिसतं. मला तेच कळत नाहीये. दिसायला हवं होतं." तो आप्पासाहेबांकडं वळला. त्याच्या नजरेत संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि त्याचीच आप्पासाहेबांना जास्त भीती वाटली. "आप्पा, उन्हाळ्यात तिथं काही होतं का? झाड? ढीग?"

आप्पासाहेबांनी घोंगडीची सुरकुती हातानं सरळ केली.

"काय बी नव्हतं," चहाचे पेले घेऊन आलेली राहीबाई म्हणाली. आप्पासाहेबांची बायको. तिनं वकिलांपुढं पेला असा ठेवला की चहा बशीत सांडला. "माळ हाय तितं. माळावर काय असनार?"

"गंजी हुती," बनुबाई म्हणाली.

वकिलांनी उचललेला पेला परत बशीत ठेवला.

"आपली गंजी हुती, थोरल्या रानाच्या कडंला. रानात जाताना मी तितं नेमानं खाली उतरून म्होरं जाऊन बघायची, मग ते गाडी हाकायचे. त्या दिशी मी संगं न्हवते."

म्हणजे तिला ठाऊक होतं. सात महिने ठाऊक होतं आणि ती त्यांना वेळच्या वेळी भाकरी वाढत होती. आप्पासाहेबांनी भावजयीकडं पाहिलं. मुक्ताबाईनंही नजर चुकवली नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त पुण्यात असलेल्या राधाकृष्णला नव्हतं.

"असंल बया, पर ती आपल्या वावरात हुती," राहीबाई घाईघाईनं म्हणाली. "आपल्या वावरात आपन काय बी ठिवू."

"थांबा, थांबा." वकिलांनी टाक खाली ठेवला. "हे महत्त्वाचं आहे. गंजी तुमच्या वावरात असेल, तर संपलं. मी उद्याच्या गाडीनं परत जातो. वाट अडवली ती तुम्ही. त्याला रेल्वे काय करणार? पण गंजी जर रेल्वेच्या हद्दीत असेल, तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या जमिनीवर, गाडीवाटेच्या तोंडाशी, नजर अडेल अशी गंजी त्यांनी राहू दिली. त्यांचा मुकादम रोज तिच्याशेजारून जात होता. ही हयगय. ही नेमकी हयगय. ही मला लिहिता येते."

"मग लिवा की," मुक्ताबाई म्हणाली.

"लिहितो. पण ते पहिल्यांदा विचारणार, गंजी रचली कुणी? गोरक्षनं स्वतःच रचली असेल तर त्याची चूक त्याच्याच माथी."

राहीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा नगरच्या कोर्टात उभा आहे, पोलीस बाजूला आहेत, एवढंच तिला दिसत असावं.

"गोरक्षानंच रचली असंल," ती म्हणाली. "रानाचं समदं तोच बघायचा."

"काकू!" राधाकृष्ण उठून उभा राहिला.

"वराडतूस कशाला? असंल म्हनले. मला काय ठावं?"

"त्यावेळी ते हितं न्हवते," बनुबाई म्हणाली. तिचा आवाज उंच झाला नाही, पण पदर डोक्यावरून मागं सरकला आणि तिनं तो सावरला नाही. "पुनतांब्याला मला आनाया आले हुते. आमी परत आलो तवा गंजी रचून झाल्ती. समद्या गावानं बघितलंय, काकू. मेलेल्या मान्साच्या अंगावर आनखी काय काय घालनार?"

आता आप्पासाहेबांनी बोलायला हवं होतं. बोलायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलंही. कोर्टातला पिंजरा, वकिलाचा आवाज, आणि समोर बाकावर बसलेली वयनी. भाऊ गेल्यावर तिच्या दोन्ही पोरांना त्यांनी वाढवलं होतं. त्यातला एक... पुढचं वाक्य मनातसुद्धा पुरं होईना. ते नुसते म्हणाले, "चला. जागेवर जाऊन बघू."

*

वाटेत राधाकृष्णच्या हातात शाळेच्या मास्तरांकडून आणलेली मोजणीची कापडी फीत होती. राहीबाई नको म्हटलं तरी मागोमाग आली आणि नवऱ्याच्या कोपराशी चालत राहिली.

"तुमी गप ऱ्हावा," ती पुटपुटली. "माझ्या गळ्याची आन हाय. पोलीस घिऊन जातील. आपल्याला म्हातारपनी कोन हाय?"

आप्पासाहेब झपझप पावलं टाकत पुढं निघाले.

रुळांच्या अलीकडं गवत कमरेइतकं वाढून वाळलं होतं. राधाकृष्ण त्यात शिरला आणि पायानं चाचपडत हिंडला. थोड्या वेळानं तो थांबला.

"इथं दगड आहेत. ओळीनं. आणि बाभळीचे ओंडके."

गंजीचं बूड. कडबा जमिनीला टेकू नये म्हणून खाली अंथरलेले दगड. आप्पासाहेबांनी कडबा शेवटच्या पेंढीपर्यंत नेला होता. दगड उचलायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. गंज्या मोडताना बूड कुणीच उचलत नाही. पुढच्या साली तिथंच रचायची असते.

राधाकृष्णनं ओळ फितीनं मोजली. बूड वाटेच्या कडेनं रुळांकडं लांबत गेलं होतं, बावीस फूट.

"उंची किती होती?"

"दोन पुरुस," मुक्ताबाई म्हणाली. ती वाटेवरच थांबली होती. रुळांच्या जवळ ती यायला तयार नव्हती.

"गाडी येतेय," वकील म्हणाले.

लांबून शिट्टी झाली. आप्पासाहेब तेव्हा नेमके गाडीवाटेवर होते, बैलगाडीत बसलेला माणूस जिथं असेल तिथं. बनुबाई गंजीच्या दगडांवर चढून उभी होती. तिनं शिट्टीच्या दिशेला मान वळवली नाही. ती आप्पासाहेबांकडंच बघत होती. तिच्या मागं धूर दिसला. फक्त धूर. आप्पासाहेबांनी इंजिन शोधलं, पण ते दिसेना. एका बाईच्या अंगानं ते झाकलं होतं. रूळ गुणगुणायला लागले, पायाखालचा मुरूम हलायला लागला, आणि इंजिन अजून तिच्या मागंच होतं. मग एकदम, तिच्या खांद्यामागून, ते काळं, भलंमोठं बाहेर पडलं, आणि त्याच श्वासात ते वाटेवर आलं. आप्पासाहेबांचे हात आपोआप छातीशी आले. मुठी वळल्या होत्या. ते कासरा खेचत होते.

डबे गेले. मागं राहीबाई रडत होती, का ओरडत होती, ते कळलं नाही. मुक्ताबाई वाटेवर खाली बसली होती.

धूळ बसल्यावर वकिलांनी घसा साफ केला. "आता हद्द. हद्दीचा दगड कुठला?"

रुळांपासून थोड्या अंतरावर एक उभा दगड होता, त्याच्यावर कसलासा आकडा. राहीबाई पटकन पुढं झाली. "ह्योच की. ह्योच हद्दीचा. त्याच्या अलीकडं समदं आपलं."

राधाकृष्णनं दगड पाहिला, मग गंजीचं बूड पाहिलं. बूड सगळं दगडाच्या अलीकडं होतं.

"मग आपल्या वावरात आहे," तो हळू म्हणाला.

वकिलांनी कागदाची घडी घालायला घेतली. बनुबाई दगडांवरून खाली उतरली. तिनं पदर डोक्यावर घेतला, आणि ती आप्पासाहेबांसमोर येऊन थांबली. घरच्या सुनेनं सासऱ्यासमोर असं उभं राहायचं नसतं. ती राहिली.

"मामंजी," ती म्हणाली, "दगड कंचा?"

राहीबाईनं नवऱ्याचा दंड धरला. तिची नखं रुतली. उभा दगड हद्दीचा नाही, रुळांचं अंतर दाखवणारा, फर्लांगाचा आहे, हे राहीबाईलाही ठाऊक होतं. हद्दीचा दगड गवतात गाडला गेला होता आणि तो कुठं आहे ते आता या माळावर एकाच माणसाला सांगता येणार होतं. गेली तीस वर्षं नांगरटीच्या वेळी आप्पासाहेबांनी त्याला वळसा घालून नांगर फिरवला होता.

आप्पासाहेबांनी बायकोची बोटं दंडावरून एकेक करून सोडवली. मग ते रुळांकडं पाठ करून वावराच्या बाजूला चालत गेले, गंजीच्या बुडाच्याही पलीकडं, आणि एका जागी उकिडवे बसले. गवत हातानं उपटलं. माती नखांनी उकरली. खाली चुन्याचा पांढरा रंग उडालेला दगडाचा माथा निघाला.

"राधाकृष्ण," ते म्हणाले. आवाज कापत होता आणि त्यांनी तो कापू दिला. "फितीचं टोक आन हिकडं. गंजी म्या रचली. म्या आनि दोन गड्यांनी, गोरक्ष पुनतांब्याला गेल्ता तवा. छगनला पेंढ्या म्या दिल्या. वकीलसाहेब, लिवून घ्या."

राधाकृष्णनं फितीचं पितळी टोक चुलत्याच्या हातात दिलं. आप्पासाहेबांनी ते दगडाच्या बरोब्बर मध्यावर टेकवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं. वाटेवरून मुक्ताबाई उठली आणि पहिल्यांदाच रुळांच्या दिशेनं काही पावलं चालून आली. फीत ताणली गेली. राधाकृष्णनं बुडाच्या पहिल्या दगडाशी वाकून आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि मोठ्यानं सांगितला.

हद्दीच्या दगडापासून आत, रुळांच्या बाजूला, रेल्वेच्या जमिनीत, नऊ फूट चार इंच.